एकाच वॉर्डात ५७ आणि १६ : मुंबईच्या जुलै २०२०च्या सेरो सर्वेक्षणाचा प्रकरण अभ्यास

२८ जुलै २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने एका रक्ततपासणी (सेरो) सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले. माटुंगा, शीव, वडाळा हा परिसर असलेला एफ उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि दहिसरचा आर उत्तर अशा तीन वॉर्डांतून जुलैच्या पूर्वार्धात ६,९३६ नमुने घेण्यात आले होते. झोपडपट्टीत राहणाऱ्यांपैकी ५७ टक्के आणि इमारतींत राहणाऱ्यांपैकी १६ टक्के लोकांच्या रक्तात करोना विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आढळली. त्या दिवसापर्यंत साऱ्या मुंबईत नोंदले गेलेले रुग्ण सुमारे १ लाख १० हजार होते. २०११च्या जनगणनेतील १ कोटी २४ लाख लोकसंख्येशी ताडून पाहिले तर शंभरात एकही भरत नव्हता.

हे आकडे त्या वेळी दोन-तीन दिवस गाजले आणि मग समूह प्रतिकारशक्तीच्या चर्चेत विरून गेले. त्यांच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण वेगळे आहे. एकाच वॉर्ड ऑफिसच्या हद्दीत, एकाच सहाय्यक आयुक्ताच्या अखत्यारीत, अनेकदा एकाच कुंपणभिंतीच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या लोकांमध्ये संसर्गाचे प्रमाण साडेतीन पटींनी वेगळे होते, आणि शहराचा कारभार ज्या आकड्यांवर चालला होता त्या रोजच्या रुग्णसंख्येत या तफावतीचा पत्ताच लागत नव्हता. वस्तीत राहिल्यामुळे माणसाला आजार अधिक गाठतो हे आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे. त्याच वस्तीत राहिल्यामुळे त्याचा आजार मोजला जाण्याची शक्यताही घटते, ही दुसरी बाजू या प्रकरणात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसते.

सर्वेक्षण कसे झाले

नीती आयोग, महानगरपालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतले, आणि नमुन्यांची तपासणी कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली. दवाखान्यात आलेल्यांचे रक्त तपासले असते तर केवळ आजारी माणसेच हाती लागली असती. म्हणून येथे निवडलेल्या ठिकाणी जाऊन, ज्यांना कसलाही त्रास नव्हता अशांचेही नमुने घेण्यात आले. नाकातून घेतलेला स्वॅब आज शरीरात विषाणू आहे का, एवढेच सांगतो. प्रतिपिंडांची चाचणी मात्र मागे कधीतरी संसर्ग होऊन गेला का, हे सांगते, मग त्या माणसाने त्या वेळी स्वॅब दिलेला असो वा नसो. प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात हे धरले, तर जुलैमधील ५७ टक्के हा आकडा प्रत्यक्षात जूनच्या उत्तरार्धापर्यंतच्या संसर्गाचा होता. २५ मार्चला देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली होती, त्याला तेव्हा तीन महिने झाले होते.

उद्दिष्ट होते ८,८७० नमुन्यांचे. शास्त्रीय नियतकालिकात नंतर प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात वस्त्यांतले सुमारे ४,२०० आणि इमारतींतले सुमारे २,७०० नमुने धरलेले आहेत, म्हणजे कमतरता पडली ती मुख्यतः इमारतींच्या बाजूने. गरीब वस्तीतील लोक तपासणीला सहकार्य करत नाहीत, हा त्या काळात वारंवार ऐकू येणारा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. रक्त द्यायला वस्ती तयार होती. तिचे अडत होते ते दुसरीकडे, आणि त्याचा विचार पुढे येईलच.

आता थोडे गणित मांडून पाहू. २०११च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहतात. शहरातले सर्वच्या सर्व १ लाख १० हजार नोंदलेले रुग्ण झोपडपट्टीतलेच होते असे वादासाठी मानले, तरी तिथल्या लोकसंख्येच्या ते सुमारे दोन टक्केच भरतात. तीन वॉर्डांतील ५७ टक्के हे प्रमाण शहरभर लागू धरले, तर दर सत्तावीस संसर्गांमागे फार तर एकाची नोंद झाली होती. याउलट सगळे रुग्ण इमारतींतले होते असे मानले, तर तेथे दर दहा-अकरा संसर्गांमागे एकाची नोंद होते. खरे चित्र या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि तीन वॉर्डांवरून चोवीस वॉर्डांचा अंदाज बांधण्यात चूक होऊ शकते हेही मान्य. तरीही नोंदींतली तूट वस्त्यांत मोठी होती, असेच कोणत्याही बाजूने हिशेब केला तरी दिसते.

संसर्ग वस्तीत का वाढला

पालिकेच्या निवेदनातच लोकसंख्येची दाटी आणि सामाईक शौचालये व पाण्याच्या जागा यांचा संभाव्य कारण म्हणून उल्लेख होता. हे वाक्य वाचून पुढे जाणे सोपे आहे. त्यात दडलेली दिनचर्या पाहिली पाहिजे.

दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, वर पोटमाळा काढलेला असतो, खिडकी असलीच तर ती हातभर रुंदीच्या गल्लीत उघडते. अशा घरात ‘आजारी माणसाने वेगळ्या खोलीत राहावे’ या सूचनेला अर्थ उरत नाही. शौचालय घराबाहेर आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषानुसार सामुदायिक शौचालयात पस्तीस पुरुषांमागे एक आणि पंचवीस स्त्रियांमागे एक सीट असावी. हा निकष पाळला गेला असे धरले, तरीही एकाच बंद, दमट, कोंदट जागेत दररोज पंचवीस ते पस्तीस माणसे पाठोपाठ जाणार आणि बाहेर रांगेत उभी राहणार. पाण्याचेही तसेच. महानगरपालिकेचा पाणीपुरवठ्याचा प्रचलित मापदंड झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटर आणि इमारतींसाठी माणशी १३५ लिटर असा राहिला आहे. वारंवार हात धुवा असे सांगणाऱ्या यंत्रणेने हात धुण्याचे पाणीच तिसऱ्या हिश्श्याने मोजलेले होते. अनेक वस्त्यांना तर हेही अधिकृतपणे मिळत नव्हते. सन २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी सांगितले. ते न्यायालयाला सांगावे लागले, यातच सर्व आले.

सर्वेक्षणात स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक आढळले. हा फरक लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण टाळेबंदीत कामावर जाणारे पुरुष घरी बसले असतानाही पाण्याची रांग, रेशनची रांग आणि घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा यांपैकी काहीच थांबले नव्हते, आणि ही कामे बहुतेक घरांत बाईच करते, हे लक्षात घेता तो फरक मला आश्चर्यकारक वाटत नाही.

शिवाय ज्यांची कामे थांबली नाहीत असे लोकही मोठ्या संख्येने वस्त्यांतच राहतात. सफाई कामगार, रुग्णालयांतील वॉर्डबॉय व आया, बेस्टचे चालक-वाहक, भाजी-दूध पोहोचवणारे, इमारतींचे रखवालदार, हे सर्व टाळेबंदीतही रोज बाहेर पडत होते. इमारतीतल्या माणसाला घरात थांबता यावे म्हणून वस्तीतला माणूस बाहेर पडत होता. त्यामुळे १६ आणि ५७ हे दोन वेगळ्या समाजांचे आकडे नाहीत. एकाच शहरातील कामाची वाटणी त्यांत उमटलेली आहे.

तपासणी वस्तीत का पोहोचली नाही

सुरुवातीच्या काळात चाचणीचे निकष राष्ट्रीय पातळीवर ठरत होते. लक्षणे असलेल्यांची आणि बाधितांच्या अतिजोखमीच्या संपर्कातील व्यक्तींची, ठरावीक दिवसांच्या अंतराने, चाचणी करावी अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) रीत होती, आणि खासगी प्रयोगशाळेत जाण्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत असे. निकष कागदावर सर्वांना सारखेच होते. पण ज्याचा नेहमीचा डॉक्टर फोनवर चिठ्ठी पाठवू शकतो त्याच्यासाठी ही अट म्हणजे पाच मिनिटांचे काम. ज्याच्या गल्लीतला एकुलता एक दवाखाना टाळेबंदीत बंद झाला आहे त्याच्यासाठी तीच अट म्हणजे भिंत.

पुढचा अडसर किमतीचा. मार्च २०२०मध्ये खासगी चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिलला चाचण्या मोफत कराव्यात असे म्हटले आणि १३ एप्रिलला तो आदेश आयुष्मान भारत योजनेतील व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांपुरता मर्यादित केला. महाराष्ट्र शासनाने १३ जूनला दर २,२०० रुपयांवर, घरी येऊन नमुना घेतल्यास २,८०० रुपयांवर आणला. ७ जुलैला मुंबई महानगरपालिकेने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चाचणी करून घेण्याची मुभा दिली. हा निर्णय चांगलाच होता, पण त्याचा लाभ कोणाला झाला ते तारखेवरून समजते. सर्वेक्षणाचे पथक तोवर वस्त्यांत रक्त गोळा करत होते आणि तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांना संसर्ग होऊन गेलेला होता. खासगी चाचणीचा दर ५०० रुपयांपर्यंत खाली आला तो मार्च २०२१ संपता संपता. तपासणी परवडू लागली तेव्हा वस्तीतला संसर्ग बराचसा घडून गेला होता.

पालिकेच्या रुग्णालयांत चाचणी मोफत होती, हे नमूद केले पाहिजे. तरीही लोक टाळत होते, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथेच आहे. चाचणी पॉझिटिव्ह आली तर इमारतीतील माणसाला बहुधा स्वतःच्या घरातच, स्वतंत्र खोलीत, विलगीकरणाची परवानगी मिळे. वस्तीतील माणसाच्या घरी स्वतंत्र खोली व शौचालय नसल्याने त्याची आणि त्याच्या कुटुंबाची रवानगी पालिकेच्या विलगीकरण केंद्रात होई. आरोग्याच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण त्या माणसाच्या बाजूने पाहा. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी येणार, पांढऱ्या पोशाखातील माणसे नाव विचारत दारापर्यंत येणार, शेजारीपाजारी बघणार, गल्लीला पत्रे ठोकले जाणार, कमावणारा माणूस दोन आठवडे अडकणार, आणि बंद घराकडे कोण पाहणार याचीही शाश्वती नाही. तापावर गोळी घेऊन गप्प बसणे हा त्या परिस्थितीत अडाणीपणा नव्हता. तपासणीचा खर्च रुपयांत शून्य असला तरी एकूण खर्च फार मोठा होता, आणि तो केवळ वस्तीतल्यांनाच भरावा लागत होता.

या भीतीला मुंबईत आणि पुण्यात जुना इतिहास आहे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले, त्यानंतर घरोघरी शिरून आजारी शोधण्याची आणि त्यांना छावणीत नेण्याची मोहीम निघाली. पुण्यात त्या झडत्यांनी जो संताप उसळला त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचा प्रमुख असलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावरील हल्ल्यात झाली. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आजारी पडून १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आजाऱ्याला ‘शोधून काढणे’ आणि आजाऱ्याला ‘उचलून आणणे’ यांतला फरक त्या एका वर्षात महाराष्ट्राने पाहिला. मार्च २०२०मध्ये राज्याने लागू केलेला साथरोग कायदाही त्याच वर्षीचा, १८९७चा.

धारावीचा धडा, आणि त्याची मर्यादा

याच काळात धारावीचे नाव जगभर झाले. तेथे पहिला रुग्ण १ एप्रिल २०२०ला सापडला आणि त्याच दिवशी दगावला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये पालिकेच्या अंदाजानुसार साडेआठ लाख लोक, आणि त्यांतील बहुतेक सामुदायिक शौचालयांवर अवलंबून. धारावी ज्यात येते त्या जी उत्तर वॉर्डाच्या यंत्रणेने रुग्ण येण्याची वाट न पाहता तापाचे कॅम्प भरवले, बंद पडलेल्या खासगी दवाखान्यांतील डॉक्टरांना सुरक्षा पोशाख देऊन बरोबर घेतले, शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली आणि जवळच्याच क्रीडा संकुलात, शाळांत विलगीकरणाची व जेवणाची सोय केली. जुलैमध्ये रोजचे नवे रुग्ण एक आकड्यावर आले. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण दिले. २५ डिसेंबरला प्रथमच तेथे एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही.

या कामाचे मोल कमी लेखू नये. ओळखीचा गल्लीतला डॉक्टर, वस्तीतीलच आरोग्य स्वयंसेविका, घराजवळचे केंद्र आणि तेथे दोन वेळचे जेवण, या चार गोष्टींनी तपासणीचा तो न दिसणारा खर्च कमी केला. धारावीत नेमके हेच घडले, असे मला वाटते.

मात्र धारावीतली रुग्णसंख्या उतरली ती उपायांमुळे की संसर्ग आधीच सर्वत्र होऊन गेल्यामुळे, या वादाचा निर्णय जुलैच्या सर्वेक्षणातून लागू शकत नाही, कारण जी उत्तर वॉर्ड त्या तिघांत नव्हता. शेजारचा एफ उत्तर होता. शिवाय मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्यावर मोठ्या संख्येने लोक गावी निघून गेले, त्यामुळे वस्तीची दाटीच बदलली. दोन्ही कारणे एकाच वेळी लागू असू शकतात. ‘तेथील लोकांना आपोआप प्रतिकारशक्ती आली’ असे म्हणून हात झटकणे मात्र मला मुळीच पटत नाही. त्या प्रतिकारशक्तीची किंमत आजाराने, बुडालेल्या मजुरीने आणि मृत्यूंनी मोजली गेली होती.

मृत्यूंचा हिशेब

सर्वेक्षणाच्या निवेदनात संसर्गाच्या तुलनेत मृत्युदर ०.०५ ते ०.१० टक्के इतका कमी असल्याचे म्हटले होते, आणि तो दिलासा म्हणून सांगितला गेला. वस्त्यांतील लोकसंख्या तुलनेने तरुण असते, त्यामुळे दर कमी असणे स्वाभाविक आहे. पण या भागाकारातील अंश कोठून येतो हेही विचारले पाहिजे. प्रतिपिंडांचा छेद सर्वेक्षणाने मोजलेला होता, तर मृत्यूंचा अंश नेहमीच्या नोंदीतून घेतलेला होता, आणि कोविडचा मृत्यू म्हणून नोंद होण्यासाठी आधी चाचणी झालेली असावी लागत असे. ज्या वस्तीत चाचणी कमी, तेथे न मोजलेला मृत्यूही अधिक असण्याची शक्यता. गावी जाऊन दगावलेला माणूस तर मुंबईच्या हिशेबातच येत नाही.

मुंबईत २०१९मध्ये सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले होते. २०२०मध्ये ते त्याहून सुमारे २० हजारांनी अधिक झाले, आणि त्या वर्षी कोविडचे अधिकृत मृत्यू होते सुमारे ११ हजार. उरलेले सर्व मृत्यू कोविडचेच असे म्हणता येत नाही, कारण टाळेबंदीत डायलिसिस चुकले, क्षयाची औषधे खंडित झाली, प्रसूतीला रुग्णालय मिळाले नाही, अशाही कारणांनी माणसे गेली. पण ही कारणेसुद्धा शहरभर समान वाटली गेली नसणार.

त्यानंतरचे आकडे

ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत त्याच तीन वॉर्डांत झोपडपट्टीतील प्रमाण ४५ टक्के आणि इमारतींतील १८ टक्के आले. वस्तीतील घट म्हणजे संसर्ग मागे गेला असे नव्हे. वापरलेली चाचणी ज्या प्रतिपिंडांचा शोध घेत होती ती काही महिन्यांत ओसरतात. साथीचा भर इमारतींकडे सरकल्याचे सप्टेंबरात नोंदींतूनही दिसू लागले, आणि त्यात चाचणीची सहज उपलब्धता व प्रत्यक्ष संसर्ग यांचा वाटा किती किती, हे नुसत्या रुग्णसंख्येवरून वेगळे काढता येत नाही.

मार्च २०२१च्या तिसऱ्या फेरीत पद्धत बदलली. चोवीस वॉर्डांतून, इतर तपासण्यांसाठी दिलेल्या रक्ताचे १०,१९७ नमुने घेतले गेले. पालिकेच्या दवाखान्यांत आलेल्यांमध्ये ४१.६१ टक्के आणि खासगी प्रयोगशाळांत गेलेल्यांमध्ये २८.५९ टक्के प्रमाण निघाले. माणूस कोठे रक्त तपासतो हाच येथे तो कोठे राहतो याचा निर्देशक मानला गेला होता, आणि तो चालला, यात या शहराबद्दल पुष्कळ काही सांगून झाले आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१च्या पाचव्या फेरीत मात्र झोपडपट्टी ८७.०२ टक्के आणि इमारती ८६.२२ टक्के, असे आकडे अखेर शेजारी येऊन बसले.

तोपर्यंत दुसरी लाट येऊन गेली होती आणि लसीकरण बरेच पुढे गेले होते. लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झाले. इमारतींत मार्चपर्यंत दहांतील सुमारे सात जणांच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती, म्हणजे त्यांतील पुष्कळांना ती लसीतून मिळवण्याची संधी तरी होती. एफ उत्तर, एम पश्चिम आणि आर उत्तरच्या वस्त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना ही प्रतिपिंडे लस येण्याच्या सहा महिने आधी, आजारातून, आणि बहुतांश वेळा कोठल्याही नोंदवहीत नाव न लागता मिळाली होती.